टाक्यामागील हात

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त बजाजनगर येथें स्त्री-मंडळाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या सभेंत धर्मगुरु बोलावयास उभा राहिला कीं तो ख्रिस्तमंदिराच्या बांधणीचा, पूर्वीच्या धर्मगुरूंच्या परिश्रमांचा आणि दात्यांच्या औदार्याचा इतिहास सांगणार, असें श्रोत्यांनीं गृहीत धरलेलें असतें. तो इतिहास स्मरणिकेंत येणारच आहे. म्हणून त्याची पुनरुक्ति मी करीत नाहीं. मीं आज निवडलेला विषय ऐकून कांहीं जणांस हसूंहि येईल. तो विषय आहे घरांतील शिवण आणि विणकाम: सुई, दोरा, कात्री, लोकरीचा गुंडा, आणि खिडकीपाशीं जुन्या चादरीखालीं झांकून ठेवलेलें तें शिवणाचें यंत्र.

हा विषय निवडण्यास कारण आहे. गृहभेटींच्या निमित्तानें या वसाहतींतील बहुतेक घरांचे उंबरठे मीं ओलांडले आहेत. घरधनी पाळीवर गेलेला, मुलें शाळेंत, आणि घरची बाई यंत्रावर वांकलेली, हें दृश्य मला इतक्या वेळां दिसलें कीं पुढें पुढें तें मला दिसेनासें झालें. जें नित्य समोर असतें त्याकडे डोळा वळतो, मन वळत नाहीं. या न पाहण्याबद्दल मला आज आपल्यापुढें कांहीं कबूलहि करावयाचें आहे. परंतु तें त्याच्या ठिकाणीं येईल.

आपलें बजाजनगर हें जुनें गांव नव्हे. वाळूजच्या माळावर औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९८५ सालीं बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि त्याच्या नांवानें ही वस्ती ओळखली जाऊं लागली. काम शोधीत माणसें आलीं, तीं मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलीं, खानदेशांतून आलीं, नगर जिल्ह्यांतून आलीं. आपल्या समाजांतील पुष्कळ कुटुंबें वैजापूर-गंगापूरकडच्या गोदाकांठच्या खेड्यांतलीं. औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना १९७७ सालीं झाली, तेव्हां त्या खेड्यांतील ख्रिस्तश्रद्धा कित्येक पिढ्यांची झालेली होती. हे लोक येथें आले तेव्हां त्यांनीं बरोबर काय आणलें? एक पत्र्याची पेटी, चार भांडीं, भिंतीवर लावावयास येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, आणि एक गोधडी.

आपल्या जिल्ह्याला वस्त्राची कीर्ति नवी नाहीं. शहरांत हिमरू विणतात, ज्यांत सूत आणि रेशीम एकत्र नांदतात; पैठणास जरीच्या पदराची पैठणी विणतात. हीं वस्त्रें दुकानांत कांचेआड मांडलेलीं असतात आणि परदेशचे प्रवासी तीं पाहण्यास येतात. गोधडी मात्र कोणी कांचेआड मांडीत नाहीं. तिची जागा अंगाखालीं नाहीं तर अंगावर.

गोधडी कशी होते हें येथें बसलेल्या माउल्यांना मीं सांगावें हें धार्ष्ट्य होय; परंतु मागच्या बांकांवर तरुण मुलें-मुली आहेत, त्यांच्यासाठीं सांगतों. झिजलेलें सुती लुगडें धुऊन, सुकवून जमिनीवर ताणून अंथरावयाचें. त्यावर जुन्या धोतरांचे, सदऱ्यांचे, परकरांचे तुकडे असे मांडावयाचे कीं कोठें उंचवटा राहूं नये व कोठें पोकळी राहूं नये. त्यावर दुसरें लुगडें. कडा आंत मुडपून, लांब लांब टाक्यांनीं सर्व थर जागच्या जागीं धरून ठेवावयाचे. आणि मग जाड सुईनें कडेपासून आंत, फेऱ्यामागून फेरा, धावदोरा घालीत मध्यापर्यंत यावयाचें. दोघी-तिघी चारी बाजूंनीं बसल्या तर काम लवकर उरकतें आणि सुखदुःखहि बोलून होतें. कर्नाटकांत हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी समाजाच्या स्त्रिया याच रीतीनें गोधडी शिवतात व तिला कवंदी म्हणतात. त्या समाजांत हिंदु आहेत, मुसलमान आहेत, कॅथलिकहि आहेत. पण चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांचें फूल लावल्यावांचून कवंदी पुरी झाली असें त्यांच्यापैकीं कोणालाच वाटत नाहीं.

गोधडीचें एक वैशिष्ट्य असें कीं वस्त्र जितकें अधिक झिजलेलें तितकी ती अधिक मऊ होते. तिच्यांत आजोबांचें धोतर असतें, आजीचें लुगडें असतें, जें मूल दगावलें त्याचें झबलेंहि असतें, आणि तिच्याखालीं आज जन्मलेलें मूल निजतें. श्रद्धांगीकाराच्या प्रार्थनेंत आपण संतांच्या समागमाविषयीं बोलतों. इहलोकींचे व परलोकींचे भाविक एकाच कुटुंबाचे आहेत असें मानतों. तें तत्त्व समजून घेण्यास मला सेमिनरींत मोठमोठे ग्रंथ वाचावे लागले. माझ्या आजीला तें गोधडीवरून कळलें असावें.

आतां कोणी विचारील, आणि तें विचारणें रास्तहि आहे, कीं, फादर, हल्लीं तयार कपडा स्वस्त मिळतो. ज्या किंमतीची लोकर घ्यावी त्या किंमतींत बाजारांत अख्खा स्वेटर येतो. मग हा उपद्व्याप कशासाठीं? काटकसर हें त्याचें पूर्ण उत्तर नव्हे, हें मी मान्य करतों. काटकसर ठिगळांत आहे, रफूंत आहे, थोरल्याचा सदरा धाकट्याला बेतून देण्यांत आहे; नव्या लोकरीच्या स्वेटरांत ती नेहमींच असते असें नाहीं. खरें उत्तर दुसरें आहे. बाजारांतला कपडा चौतीस, छत्तीस, अडतीस हे आंकडे ओळखतो. तो माणूस ओळखीत नाहीं. आपल्या मुलाचा उजवा खांदा किंचित् उतरलेला आहे, मुलीला गळ्याशीं लोकर टोंचते, सासूबाईंचा हात आतां वर जात नाहीं म्हणून चोळीला गुंड्या पुढून हव्यात, हें शिवणाऱ्या बाईला ठाऊक असतें. कापड बेतणें म्हणजे समोरच्या माणसाकडे नीट पाहणें. जो पाहत नाहीं त्याचें बेतणें चुकतें.

पवित्र शास्त्रांत याचें एक हृदयंगम उदाहरण आहे. हन्नेनें नवसानें झालेला आपला पुत्र शमुवेल शिलो येथील मंदिराच्या सेवेस दिला. त्यानंतर ती दरवर्षीं यज्ञासाठीं पतीसह तेथें जाई, आणि जातांना त्याच्यासाठीं एक लहानसा झगा शिवून नेई. वर्षांतून एकदां भेट. मध्यंतरींच्या काळांत पोर किती वाढलें असेल, बाह्या किती लांब कराव्यात, हें तिला कोण सांगणार? तें तिनें अंतःकरणानेंच मोजलें असलें पाहिजे. नव्या करारांत यापो येथील तबीथेची कथा आहे. ती मरण पावली आणि पेत्र तेथें आला, तेव्हां गांवच्या विधवा रडत त्याच्याभोंवतीं उभ्या राहिल्या. त्यांनीं तिच्या सद्गुणांवर भाषण केलें नाहीं. तिनें आपल्या हातांनीं करून दिलेले अंगरखे आणि वस्त्रें त्यांनीं त्याला दाखविलीं. त्याहून अधिक बोलकी साक्ष कोणती?

विणकामाविषयींहि असेंच एक चित्र आहे. बुक्स्टेहूड या जर्मन गांवांतील वेदीसाठीं सुमारें १४०० सालीं बर्ट्राम या चित्रकारानें, किंवा त्याच्या शिष्यांनीं, पवित्र मरियेच्या जीवनाचीं चित्रें काढलीं. तीं आतां हँबुर्गच्या कलासंग्रहालयांत आहेत. त्यांतील एका चित्रांत आपली माता मरिया चार सुयांवर एक लहान अंगरखा विणीत बसली आहे व गळ्याचे टाके घेत आहे. बाळ येशु जवळच पुस्तक घेऊन पहुडला आहे आणि मागें वळून पाहतो आहे, कारण दोन देवदूत क्रूस, भाला व खिळे घेऊन आले आहेत. चार सुयांवर गोल विणलेल्या वस्त्राला शिवण नसते. संत योहानाच्या शुभवर्तमानांतील तो शिवण नसलेला अंगरखा, जो शिपायांनीं फाडला नाहीं, ज्यावर चिठ्ठ्या टाकल्या, तो या मातेच्या हातचा होता, अशी जुनी श्रद्धा आहे. तीच चित्रकारानें येथें रंगविली. मला त्या चित्रांत विशेष वाटतें तें हें कीं देवदूत दाराशीं उभे असतांहि मातेचे हात थांबलेले नाहींत. पुढें काय वाढून ठेवलें आहे हें आईला ठाऊक असो वा नसो, आज थंडी आहे आणि आज अंगरखा हवा आहे.

आपल्याकडे थंडी थोडी. नाताळापासून मकरसंक्रांतीपर्यंतच्या रात्रींपुरतीच लोकरीची खरी गरज. तरीहि दिवस गेलेल्या मुलीसाठीं टोपरें, मोजे, कुंची विणावयास घेतलेली आई आपल्या प्रत्येक गल्लींत दिसते. सुलट टाका, उलट टाका, एवढ्या दोन अक्षरांची ही विद्या. पण त्या दोहोंतून सर्व नक्षी निघते. जी शहाणी आहे ती आधीं चार बोटें रुंदीचा तुकडा विणून पाहते, एका इंचांत किती टाके बसतात तें मोजते, आणि मगच सुईवर टाके घालते. घाई करणारी एकदम सुरवात करते आणि बाळाची टोपी बापाच्या डोक्यास येते.

विणतांना टाका सुटला आणि लक्षांत आलें नाहीं, तर तो ओळीमागून ओळ खालीं घसरत जातो. पुढें कितीहि सुंदर विणलें तरी तो आपोआप सुधारत नाहीं. मागें जावें लागतें, उसवावें लागतें. आणि येथें लोकरीची थोरवी दिसते. कापड एकदां चुकीचें कातरलें तर तें गेलें. पण विणलेलें उसवलें तरी लोकर नाश पावत नाहीं. थोरल्याचा आखूड झालेला स्वेटर उसवून, त्या लोकरीची लड करून, ती धुऊन, खालीं हलकें वजन टांगून वाळविली म्हणजे तिच्यांतील वळ्या निघतात, आणि धाकट्यासाठीं ती पुन्हां सुईवर चढते. पापनिवेदन करण्यास संकोचणाऱ्या माणसाला मी कधीं कधीं हेंच सांगतों: बाबा, तूं कापड नव्हेस, तूं लोकर आहेस. मागें जाऊन सुटलेला टाका दाखव. देव तुला फेंकून देत नाहीं, पुन्हां विणतो.

आतां शिवणयंत्राकडे वळूं. १८३० सालीं फ्रान्समध्यें थिमोनिए नांवाच्या शिंप्यानें शिवणयंत्राचें एकस्व मिळविलें व पॅरिसांत यंत्रांवर सैनिकांचे गणवेश शिवण्यास आरंभ केला. पण आपलें पोट बुडणार या भीतीनें शिंप्यांनीं १८३१ सालीं तीं यंत्रें मोडून टाकलीं. पुढें अमेरिकेंत १८४६ सालीं हाऊ यानें आणि १८५१ सालीं सिंगर यानें एकस्वें घेतलीं, आणि यंत्र घराघरांत शिरलें. आपल्या देशांत १९३० नंतरच्या दशकांत उषा यंत्र निघूं लागलें. यंत्रांविषयीं साशंक असणाऱ्या महात्मा गांधींनींहि १९२४ सालीं सिंगरच्या यंत्राला अपवाद मानलें होतें. कारण त्याच्या मुळाशीं पत्नीचे कष्ट हलके करण्याची प्रेमळ इच्छा होती, अशी त्यांची समजूत होती.

या यंत्राची किमया साधी आहे. हातशिलाईच्या सुईचें नेढें मागच्या टोंकास असतें; यंत्राच्या सुईचें तें पुढच्या, अणकुचीदार टोंकास असतें. सुई वरचा दोरा घेऊन कापडांतून खालीं जाते, तेथें बॉबिनचा दोरा त्यांत अडकतो, आणि दोहोंची गांठ कापडाच्या जाडींत, मध्यावर बसते. वरचा दोरा फार ताणला तर खालचा वर खेंचला जातो; खालचा ताणला तर वरचा खालीं ओढला जातो; दोन्ही सैल सोडले तर टीप पोकळ पडते आणि पहिल्याच धुण्यांत उसवते. विवाहाच्या तयारीसाठीं माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांस मी विवाहाचें तत्त्व याहून सोप्या दृष्टांतानें समजावूं शकलों नाहीं. चांगल्या शिवणींत कोणता दोरा वरचा आणि कोणता खालचा हें पाहून ओळखतां येत नाहीं. ताण मात्र दोघांनीं सारखाच सोसलेला असतो.

येथपर्यंत मी जें बोललों तें ऐकावयास गोड आहे. आतां जें कबूल करावयाचें आहे त्याकडे येतों.

मी सेमिनरींत जावयास निघालों तेव्हां तेथील नियमाप्रमाणें प्रत्येक कपड्यावर मला मिळालेला अनुक्रमांक दोऱ्यानें भरून आणावयाचा होता, म्हणजे धुण्यांत कपड्यांची अदलाबदल होऊं नये. माझा क्रमांक ३७. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. बहिणीनें खडूनें आंकडे काढून दिले आणि आईनें कंदिलाच्या उजेडांत लाल दोऱ्यानें ते भरले. सदरे, बनियन, चादर, टॉवेल, सर्व मिळून वीस-बावीस कपडे. शेवटच्या एका बनियनवर खडू पुसला गेला असावा. तेथें तिनें अंदाजानें भरलें आणि ३ चें तोंड उलटें झालें. उलटा ३ म्हणजे ६. तें बनियन ६७ क्रमांकाच्या मुलाकडे गेलें, आणि माझी आई अशिक्षित आहे हें सर्व सेमिनरीला कळलें. मुलें हंसलीं. त्या रात्रीं मीं दाढीच्या पात्यानें सगळ्या कपड्यांवरचा लाल दोरा कापून काढला आणि शाईनें आंकडे लिहिले.

शाई दोन-तीन धुण्यांत उडून गेली. सुईचीं भोंकें मात्र राहिलीं; उजेडाकडे कपडा धरला कीं ३७ हा आंकडा भोंकांतून वाचतां येई. सुटींत घरीं गेलों तेव्हां माझे कपडे धुतांना आईनें तीं भोंकें पाहिलीं. ती मला एवढेंच म्हणाली, “दोरा कच्चा निघाला का रे?” मीं म्हटलें, “हो.” आज माझी आई या जगांत नाहीं. पुढें मीं पुष्कळ पापें निवेदन केलीं आणि हेंहि केलें. त्याची क्षमा मला मिळाली असा माझा विश्वास आहे. परंतु तो “हो” अद्याप माझ्या कानांत आहे. तिनें दोष दोऱ्याला दिला, मुलाला नव्हे.

एवढें झाल्यावर तरी टाक्यामागचा हात ओळखावयास मी शिकलों असेन, असें आपणांस वाटेल. मी शिकलों नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं, मीं तेव्हां सेवा केलेल्या एका धर्मग्रामांत, प्रथम ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या चौदा मुलींचे पांढरे झगे शिवून घ्यावयाचे होते. मीं एका भगिनीस बोलाविलें. बाजारांत जी शिलाई चालू होती तिच्या निम्म्याहूनहि कमी रक्कम मीं सांगितली, आणि वर म्हटलें, “बाई, हें देवाचें काम आहे.” ती कांहीं बोलली नाहीं. मान डोलावून कापड घेऊन गेली. मला आपण देवळाचा पैसा वांचविला याचें समाधान वाटलें.

सणाच्या दोन दिवस आधीं तिच्या सासूबाई अत्यवस्थ झाल्या म्हणून रात्रीं साडेदहाच्या सुमारास मला रुग्णाभ्यंगासाठीं बोलावणें आलें. मी गेलों तेव्हां वीज गेलेली होती. आंतल्या खोलींत आजारी बाई, आणि बाहेरच्या खोलींत ती भगिनी यंत्रावर. तिची शाळकरी मुलगी मोबाईलचा दिवा सुईवर धरून उभ्या-उभ्या पेंगत होती. नऊ झगे भिंतीवर टांगलेले होते. तेल लावून, प्रार्थना करून मी निघालों, तेव्हां पांढरा दोरा, लेस, गुंड्या हें सामान दिसलें. मीं कापडच तेवढें दिलें होतें. बाकीचें कोठून आलें, असें मीं विचारलें. ती म्हणाली, “आणलं मी, फादर. त्यात काय एवढं?”

घरीं येऊन मीं कागदावर हिशेब मांडला. दोरा, लेस आणि गुंड्या वजा जातां, तिच्या चौदा झग्यांच्या मजुरीचें जें उरलें तें येथें सांगण्यास मला लाज वाटते. देवळाचा पैसा मीं वांचविला नव्हता. एका गरीब घराच्या ताटांतून तो उचलला होता, आणि त्यावर देवाचें नांव लिहिलें होतें. दुसऱ्या दिवशीं बाजारभावानें पुरी शिलाई व सामानाचे पैसे घेऊन मी तिच्या दारीं गेलों. तिनें घेण्याचें नाकारलें. मीं म्हटलें, “हें दान नव्हे, हें तुमचें माझ्याकडे राहिलेलें येणें आहे.” तेव्हां तिनें पैसे मोजून घेतले. तिनें ते मोजले, हें मला फार बरें वाटलें. (ही हकीकत मी तिच्या अनुमतीनें सांगत आहें.)

बंधु-भगिनींनो, महाराष्ट्रांत सुईचें मोल ओळखणाऱ्या व्यक्ति झाल्या नाहींत असें नाहीं. पंडिता रमाबाईंनीं केडगांवच्या मुक्तिसदनांत निराधार स्त्रियांस शिवण, विणकाम व छपाई शिकविली. पुण्यास १९०९ सालीं निघालेल्या सेवासदनांत रमाबाई रानडे यांनीं स्त्रियांसाठीं शिवणाचे वर्ग चालविले. सुई हातीं आली कीं स्त्रीला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागत नाहीं, हा त्यांचा अनुभव. परंतु सुई हातीं येणें ही अर्धी गोष्ट आहे. तिच्या कामाचा मोबदला हातीं येणें ही उरलेली अर्धी. घरीं बसून काम करणारी बाई कोणाच्या हजेरीपटावर नसते. तिला पाळी नाहीं, भोंगा नाहीं, सुटीहि नाहीं. अहमदाबादेंत १९७२ सालीं इला भट्ट यांनीं ‘सेवा’ ही संघटना स्थापन केली ती अशाच स्त्रियांसाठीं. आणि १९९६ सालीं आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनें घरीं बसून मजुरीनें काम करणाऱ्यांना इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी म्हणून स्वतंत्र करार मंजूर केला.

आपल्या पवित्र ख्रिस्तसभेची शिकवण तर याहून जुनी आहे. मोशेच्या नियमशास्त्रांत गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वीं द्यावी असें सांगितलें आहे. संत याकोबानें आपल्या पत्रांत, अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि तिचा आवाज देवाच्या कानीं जातो, असा इशारा दिला आहे. तेराव्या लिओ या पोपमहाशयांनीं १८९१ सालीं श्रमिकांविषयीं जें परिपत्रक काढलें त्यांत याच शिकवणीचा आधार घेऊन योग्य वेतन हा न्यायाचा प्रश्न आहे असें प्रतिपादन केलें. आपल्या वसाहतींतील पुरुष कारखान्याच्या दाराशीं उभे राहून न्याय्य वेतन मागतात, आणि तें योग्यच आहे. पण घरीं येऊन शेजारणीच्या ब्लाउजच्या शिलाईसाठीं घासाघीस करतात, तेव्हां दाराच्या दुसऱ्या बाजूला आपण उभे आहों हें त्यांच्या ध्यानांत येत नाहीं. माझ्याहि आलें नव्हतें.

म्हणून या महोत्सवाच्या प्रसंगीं मी तीन गोष्टी मागतों.

पहिली घरासाठीं. मुलींप्रमाणें मुलांसहि गुंडी लावणें, उसवलेली कड तुरपणें आणि साधें ठिगळ लावणें शिकवा. संत पौलासारखा महान् प्रेषित करिंथ येथें अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरीं राहून तंबू करण्याचा धंदा करीत असे. तेव्हां सुईदोऱ्यानें कोणाच्या पौरुषास कमीपणा येतो असें नाहीं. ज्यानें स्वतः दहा टाके घातले आहेत तोच आईच्या हजार टाक्यांची किंमत जाणतो.

दुसरी पतिदेवांसाठीं. घरांतील यंत्रावर चालणारें काम हा रिकामपणाचा उद्योग नव्हे. तो धंदा आहे. फॉल-बिडिंग असो, शाळेचे गणवेश असोत, त्याचा हिशेब वहींत असूं द्या, आणि ती वही घरांतल्या पगारपत्रकाच्या शेजारीं, त्याच मानानें ठेवा. यंत्र खिडकीपाशीं ठेवा, दिवा चांगला लावा, आणि पायडल मारून तिची पोटरी भरून आली तर चहा तुम्ही करा.

तिसरी आपल्या धर्मग्रामासाठीं, आणि ती मी स्वतःवर बांधून घेत आहें. यापुढें वेदीवस्त्रें असोत, वेदीसेवक मुलांचे झगे असोत वा नाटकाचे पोशाख असोत, देवळासाठीं जें शिवून घेतलें जाईल त्याचें सामान देवळानें द्यावें आणि शिलाई बाजारभावानें, सणाच्या आधीं चुकती करावी. ज्या भगिनीला आपलें काम देवाला अर्पण करावयाचें असेल तिनें तें आनंदानें अर्पावें. परंतु अर्पण तिनें स्वतः करावयाचें असतें, तिच्या वतीनें मीं नव्हे.

शेवटीं एक विनंती. महोत्सवाच्या मिस्सेंत अर्पणाच्या वेळीं आपण फुलें, फळें, मेणबत्त्या वेदीपाशीं आणतों. या वेळीं प्रत्येक घरानें एक जुनें, धुतलेलें सुती वस्त्रहि आणावें; शक्य तर घरांतील कोणा दिवंगत माणसाचें. आपल्या वडीलधाऱ्या स्त्रिया त्यांच्या गोधड्या शिवतील, तरुण मुलें-मुली त्यांच्या शेजारीं बसून धावदोरा शिकतील, आणि त्या गोधड्या आपल्यांतील आजारी व एकट्या पडलेल्या वृद्धांच्या घरीं जातील. ज्या भगिनी या कामीं दिवस मोडतील त्यांची मजुरी कोणत्या खात्यांतून द्यावयाची तें मीं आधींच ठरविलें आहे. मींहि एक वस्त्र देणार आहें. माझ्याजवळ एक जुनें बनियन आहे, त्यावर सुईचीं भोंकें आहेत. इतके दिवस तें मीं पेटींत जपून ठेविलें होतें. आतां तें कोणाच्या तरी अंगाखालीं ऊब देण्यास जावें हेंच बरें.

ज्या मातेनें नाझरेथच्या लहानशा घरांत आपल्या पुत्राचीं वस्त्रें बेतलीं, ती आपल्या घरांतील प्रत्येक शिवणाऱ्या हाताला बळ देवो, आणि ज्यांच्यासाठीं तो हात राबतो त्यांना पाहणारे डोळे देवो. प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.